गुणसूत्रं मोजायची तर बटणं मोजा

ऐरोलीच्या एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी दहावीत आहे. सूत्री (मायटॉसिस) आणि अर्धगुणसूत्री (मिऑसिस) पेशीविभाजनाच्या अवस्था तिला तोंडपाठ आहेत, पण 'या अवस्थेत गुणसूत्रं किती?' असं विचारलं की उत्तर दर वेळी बदलतं. मेंडेलचं 3:1, म्हणजे वाटाण्याच्या संकरातलं प्रभावी-अप्रभावी गुणांचं गुणोत्तर, तिला अगदी वेगळा धडा वाटतो. शाळेत कांद्याच्या मुळाची स्लाइड केली तेव्हा नुसत्या चौकोनी पेशी दिसल्या, विभाजन कुठेच नाही. घरी काय करता येईल?

या तीन अडचणींचं मूळ एकच आहे. मेंडेलचे नियम आणि पेशीविभाजन वेगवेगळ्या धड्यांत छापलेले असले, तरी घटना एकच आहे. जनुकांची जोडी फुटते ती अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या भागात, आणि 3:1 तिथूनच निघतं. ही फूट तिने स्वतःच्या हातांनी एकदा करून पाहिली की पाठांतराची गरज बरीच कमी होईल.

आधी मोजणी. नियम एकच: गुणसूत्रबिंदू, म्हणजे गुणसूत्राच्या प्रती जिथे जोडलेल्या असतात ती जागा, मोजायचे. जितके गुणसूत्रबिंदू तितकी गुणसूत्रं. एका गुणसूत्राला एक अर्धगुणसूत्र (धागा) आहे की दोन, याने आकडा बदलत नाही. कांद्याच्या शरीरपेशीत 16 गुणसूत्रं असतात. विभाजनाआधी डीएनएची प्रत निघते, तेव्हा अर्धगुणसूत्रं 32 होतात, पण गुणसूत्रं 16च, कारण दोन्ही प्रती एकाच बिंदूला धरून असतात. पूर्वावस्थेत (विभाजनाच्या सुरुवातीला) 16, मध्यावस्थेत (गुणसूत्रं मधल्या रेषेवर येतात तेव्हा) 16. पश्चावस्थेत बिंदू फुटतात आणि त्या क्षणी पेशीत 32 गुणसूत्रं होतात. मग प्रत्येक ध्रुवाकडे, म्हणजे पेशीच्या टोकाकडे, 16. माणसात हेच आकडे 46, 46, 92 आणि 46 असे येतात. मुलं 'प्रत निघाली म्हणजे गुणसूत्रं दुप्पट' असं धरतात आणि तिथून पुढचं सगळं चुकत जातं. डीएनए दुप्पट होतो हे खरं. गुणसूत्रांची संख्या मात्र बिंदू फुटल्यावरच दुप्पट होते.

मराठीत याच्या जोडीला शब्दांचाही एक घोळ आहे, आणि त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. क्रोमॅटिडला आपण 'अर्धगुणसूत्र' म्हणतो आणि मिऑसिसला 'अर्धगुणसूत्री विभाजन'. साहजिकच मुलांना वाटतं, ज्यात अर्धगुणसूत्रं वेगळी होतात ते अर्धगुणसूत्री विभाजन. पण अर्धगुणसूत्रं सूत्री विभाजनातही वेगळी होतात, आणि अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या भागात तर ती वेगळी होतच नाहीत! या नावाचा अर्थ 'गुणसूत्रांची संख्या अर्धी करणारं विभाजन' असा आहे. तिच्या वहीत हे ठळक लिहून ठेवा.

आता हाताने करायचं काम. ठाण्यात जांभळी नाक्यावर किंवा तुमच्याकडे ऐरोलीत शिवणकामाचं सामान मिळतं अशा कुठल्याही दुकानातून लाल आणि निळी लोकर आणि चार टिचबटणं आणा. टिचबटण म्हणजे एकमेकांत 'टक्' करून बसणाऱ्या दोन चकत्या. लाल लोकरीचे 20 सेंमीचे दोन आणि 10 सेंमीचे दोन तुकडे कापा, निळीचेही तसेच. असे आठ धागे झाले. प्रत्येक धाग्याच्या मध्यावर बटणाची एकेक चकती शिवा. समान रंगाच्या, समान लांबीच्या दोन धाग्यांपैकी एकाला खळग्याची चकती आणि दुसऱ्याला उंचवट्याची, म्हणजे ती दोन एकमेकांत बसतील. लाल म्हणजे आईकडून आलेलं, निळं म्हणजे बाबांकडून.

सुरुवात चार धाग्यांनी करा: लाल लांब, लाल आखूड, निळा लांब, निळा आखूड. आपल्या या काल्पनिक पेशीत चार गुणसूत्रं आहेत. आता प्रत काढायची, म्हणजे प्रत्येक धाग्याला त्याच रंगाचा, त्याच लांबीचा जोडीदार बटणाने लावायचा. चार फुल्या तयार होतील. तिला विचारा, गुणसूत्रं किती? बंद बटणं चार, म्हणून चार. इथे आणखी एक जुना गैरसमज उघडा पडतो. बऱ्याच मुलांच्या मनात फुलीची एक बाजू आईची आणि दुसरी बाबांची असते. लोकरीच्या फुलीत दोन्ही बाजू एकाच रंगाच्या आहेत, कारण त्या एकमेकींच्या प्रती आहेत. आई-बाबांची गुणसूत्रं दोन वेगळ्या फुल्या असतात. त्यांना समजात जोडी म्हणायचं, आणि ती जोडी एरवी पेशीत एकमेकींशेजारी बसलेली नसते.

सूत्री विभाजनात या चारही फुल्या टेबलाच्या मधल्या रेषेवर एकट्या-एकट्या मांडा. जोड्या लावायच्या नाहीत. मग प्रत्येक बटण उघडून एक धागा डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही बाजूंना तेच चार धागे जातात. म्हणून नवीन पेशी हुबेहूब जुन्या पेशीसारखी.

अर्धगुणसूत्री विभाजनाला जास्त वेळ द्या, खरा मुद्दा इथे आहे. पुन्हा चार फुल्या करा. आता लांब लाल फुलीशेजारी लांब निळी, आखूड लालशेजारी आखूड निळी. पूर्वावस्था-1 (1 म्हणजे पहिल्या भागातली) लांबलचक असते ती या जोड्या लागण्यासाठी आणि तुकड्यांच्या देवाणघेवाणीसाठी. देवाणघेवाण अशी करायची: लांब लाल फुलीच्या एका धाग्याचं टोकाकडचं 4 सेंमी कापा, शेजारच्या निळ्या फुलीच्या एका धाग्याचंही तेवढंच, अगदी तेवढंच, कापा आणि अदलाबदल करून गाठ मारा. दोन्ही तुकडे सारख्या लांबीचे का? कमी-जास्त झाले तर एका गुणसूत्रावर काही जनुकं दोनदा येतील आणि दुसऱ्यावर ती नसतीलच. पेशीत तसं क्वचित घडतं आणि त्यातून दोष उद्भवतात.

मग मध्यावस्था-1. जोड्या रेषेवर समोरासमोर, लाल एका बाजूला, निळी दुसऱ्या. पश्चावस्था-1 मध्ये पूर्ण फुली सरकते. बटण उघडायचं नाही. हे वाक्य मोठ्याने म्हणत करायला सांगा, कारण सवयीने हात बटणाकडे जातोच. प्रत्येक ध्रुवाकडे दोन फुल्या, म्हणजे दोन गुणसूत्रं. संख्या इथे अर्धी झाली. दुसरं विभाजन मात्र सूत्री विभाजनासारखंच: फुल्या एकट्या-एकट्या मांडायच्या, बटणं उघडायची. शेवटी चार पेशी, प्रत्येकीत एक लांब आणि एक आखूड धागा.

मेंडेल इथेच येतो. कागदाच्या चिठ्ठ्या करा. लांब लाल फुलीच्या दोन्ही धाग्यांवर बटणाजवळ कॅपिटल आर, म्हणजे गोल बी. लांब निळीच्या दोन्ही धाग्यांवर स्मॉल आर, म्हणजे सुरकुतलेली बी. पश्चावस्था-1 मध्ये कॅपिटल आर एका ध्रुवाला गेला, स्मॉल आर दुसऱ्याला. शेवटी तयार होणाऱ्या चार युग्मकांपैकी (प्रजननपेशींपैकी) दोन कॅपिटलची, दोन स्मॉलची. मेंडेलचा विभक्तीकरणाचा नियम एवढाच आहे. त्याला गुणसूत्रं माहीत नव्हती. त्याने वाटाण्याचे प्रयोग 1856 ते 1863 या काळात केले आणि 1866 मध्ये निबंध छापून आला. तो जवळपास दुर्लक्षितच राहिला आणि 1900 मध्ये पुन्हा उजेडात आला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच सटन आणि बोव्हेरी या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की मेंडेलचे 'घटक' जसे वागतात तशीच गुणसूत्रं वागतात. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत आटोपतात. मला तर जीवशास्त्रातली ही सर्वांत सुंदर जुळणी वाटते, आणि ती मुलीच्या टेबलावर लोकरीने पुन्हा घडते.

आता आखूड धाग्यांनाही चिठ्ठ्या लावा: लालवर कॅपिटल वाय म्हणजे पिवळी बी, निळ्यावर स्मॉल वाय म्हणजे हिरवी. मध्यावस्था-1 ची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते. एकदा दोन्ही लाल डावीकडे ठेवून करा, एकदा लांब लाल डावीकडे आणि आखूड लाल उजवीकडे ठेवून करा. पहिल्या मांडणीतून आर-वायच्या दोन प्रकारच्या जोड्या मिळतात, दुसरीतून उरलेल्या दोन. दोन्ही मांडण्या सारख्याच शक्य असल्याने चार प्रकारची युग्मकं सारख्या प्रमाणात तयार होतात, आणि 16 चौकटींचा तक्ता भरला की बियांच्या चार प्रकारांचं गुणोत्तर 9:3:3:1 येतं. तक्त्याच्या कडेला कोणती अक्षरं लिहायची हा प्रश्न मग पडत नाही. तिथे युग्मकं लिहायची, आणि युग्मकात प्रत्येक प्रकारचं अक्षर एकदाच येतं. तक्ता चुकतो तो बहुतेक वेळा इथेच: मुलं कडेला आर-आर अशी पूर्ण जोडी लिहितात. अशा मांडण्यांतून माणसाच्या 23 जोड्यांची किती प्रकारची युग्मकं होऊ शकतात? दोनाचा 23वा घात, म्हणजे 83,88,608. देवाणघेवाण यात अजून धरलेलीच नाही.

गुणोत्तराबद्दल एक सावधगिरी. 3:1 याचा अर्थ 'चारात तीन' असा हिशेब नाही, ती शक्यता आहे. मेंडेलने गोल-सुरकुतलेल्या बियांच्या प्रयोगात 7,324 बिया मोजल्या: 5,474 गोल, 1,850 सुरकुतलेल्या. गुणोत्तर 2.96:1. पण त्याने सुट्या झाडांचे आकडेही दिले आहेत. एका झाडावर 19 गोल आणि 10 सुरकुतलेल्या, दुसऱ्यावर 28 आणि 6. एकेक झाड पाहिलं असतं तर नियम सापडलाच नसता. घरी एक रुपयाची दोन नाणी घ्या. प्रत्येक नाणं म्हणजे एका पालकाचं युग्मक. छापा म्हणजे प्रभावी जनुक, काटा म्हणजे अप्रभावी, दोन्हीकडून आलं तरच दिसणारं. दोन्ही नाणी एकदम उडवा आणि 'दोन्ही काटे' किती वेळा आले ते लिहा. आठ वेळा उडवून थांबलात तर गुणोत्तर काहीही येईल. दोनशे वेळा उडवा, अर्ध्या तासाचं काम आहे, आकडा पन्नासच्या आसपास येईल.

ही गोष्ट परीक्षेपुरती नाही. ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि थॅलॅसेमिया या तशाच आजाराचे वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले लोक, आपल्या शहरांतही आहेत. दोघंही पालक वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता एक चतुर्थांश असते, प्रत्येक गरोदरपणात नव्याने. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुरक्षित ठरत नाहीत. चार मुलं असतील तर चौघंही आजारापासून मुक्त असण्याची शक्यता 81/256, म्हणजे सुमारे 32 टक्के. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो, त्याला कळतही नाही, म्हणून लग्नाआधी रक्ताची तपासणी महत्त्वाची. डाउन सिंड्रोमही याच टेबलावर दाखवता येतो: पश्चावस्था-1 मध्ये लांब लाल आणि लांब निळी, दोन्ही फुल्या एकाच ध्रुवाला जाऊ द्या. 21व्या जोडीचं असं झालं आणि त्या युग्मकापासून फलन झालं, की गर्भात 21 क्रमांकाची तीन गुणसूत्रं येतात. यात आईवडिलांच्या वागण्याचा दोष नसतो. आणि मुलगा की मुलगी हे एक्स किंवा वाय गुणसूत्र वाहणाऱ्या शुक्रपेशीवर ठरतं, हेही याच ओघात स्पष्ट सांगून टाका. त्यासाठी अजूनही बायकांना बोल लावले जातात.

आता स्लाइड. नुसत्या चौकोनी पेशी दिसल्या याचा अर्थ बहुधा मुळाचा चुकीचा भाग घेतला गेला. पेशी विभागतात त्या टोकाजवळच्या 2 ते 3 मिमीमध्येच. त्याच्या वर पेशी नुसत्या लांबतात. दोन सेंमीचं मूळ चिमट्यात धरून मधूनच कापलं तर विभाजन दिसणारच नाही. टोक ओळखायला सोपं आहे, ते किंचित पिवळट आणि कमी पारदर्शक असतं. रंग चढल्यावर तेवढाच भाग गडद दिसतो.

कांद्याऐवजी लसूण घ्या, असं मी सुचवेन. त्याचीही गुणसूत्रं 16च, मोठी, सहज दिसणारी, आणि पाकळीला दोन-तीन दिवसांत मुळं फुटतात. वाशीच्या बाजारातून येणारा साठवणीचा कांदा कधी कधी मुळंच धरत नाही. कांदा जुना आणि वाळलेला असू शकतो. शिवाय काही कांद्यावर कोंब येऊ नयेत म्हणून कमी मात्रेचे गॅमा किरण सोडलेले असतात. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं असं केंद्र आहे. किरणांमुळे विभागणाऱ्या पेशी बंद पडतात, म्हणूनच कांदा टिकतो, आणि म्हणूनच आपल्या प्रयोगाला तो निरुपयोगी.

पाकळीचं सपाट बूड पाण्याला जेमतेम टेकेल अशी ती छोट्या बाटलीच्या तोंडावर काड्यांच्या आधाराने बसवा. पाकळी बुडवली तर कुजते. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा, म्हणजे क्लोरिन बऱ्यापैकी निघून जातं. पाणी रोज बदला. पावसाळ्यात तर न चुकता, नाहीतर मुळं बुळबुळीत होतात आणि डासांची अळीही होते. मे महिन्यात बाटली माठाजवळ, गार जागी ठेवा. मुळं एक ते दोन सेंमीची झाली की सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान कापा. कांद्या-लसणासाठी हीच वेळ चांगली मानतात.

पुढचं काम शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोरच करायचं, घरी नाही. कापलेली मुळं लगेच तीन भाग इथिल अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड यांच्या ताज्या मिश्रणात टाकायची. 'लगेच' याला अर्थ आहे: या मिश्रणात पेशी जिथे असेल तिथेच थांबते. ओल्या कापसात गुंडाळून दुपारच्या तासापर्यंत ठेवलेली मुळं मरगळतात. 24 तासांनी ती 70 टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवली तर काही आठवडे टिकतात. वापरताना वॉचग्लासमध्ये नऊ थेंब ॲसिटोकार्माइन (गुणसूत्रं रंगवणारं द्रव) आणि एक थेंब 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या, त्यात मुळं टाका आणि स्पिरिटच्या दिव्यावरून वॉचग्लास फिरवत पाच ते दहा मिनिटं कोमट करा. वाफ दिसावी, उकळी येऊ नये. आम्लाने पेशींना चिकटवून ठेवणारा थर विरघळतो. ही पायरी गाळली तर मूळ कितीही दाबा, पेशींचे थर एकावर एक राहतात आणि काहीच स्पष्ट दिसत नाही.

टोकाचे 2 मिमी स्लाइडवर घ्या, बाकी फेकून द्या. 45 टक्के ॲसेटिक ॲसिडचा एक थेंब टाका, वर पातळ आच्छादक काच (कव्हरस्लिप) ठेवा, पेन्सिलच्या बोथट बाजूने हलके टकटक करा, म्हणजे पेशी ढगासारख्या पसरतील. मग टिपकागदाची घडी ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा बाजूला सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि स्लाइड वाया. आधी 10च्या भिंगाने गडद भाग शोधा, मगच 40चं लावा. शंभरातल्या साधारण पाच ते दहा पेशीच विभाजनात सापडतील, आणि त्यातल्याही बऱ्याच पूर्वावस्थेत. पश्चावस्था कमी दिसते, कारण ती झटकन आटोपते. 200 पेशी मोजून प्रत्येक अवस्थेची संख्या लिहायला सांगा: जी अवस्था जास्त वेळ चालते तिच्या पेशी जास्त. चारच पेशी शोधून आकृती काढण्यापेक्षा हे कितीतरी शिकवून जातं.

आकृतीतली एक चूक: कांद्याची पेशी म्हणून काढतात आणि तिला तारककेंद्र (प्राणीपेशीत ध्रुवाशी असणारा ठिपका) दाखवतात. वनस्पतींच्या अशा पेशीत तारककेंद्र नसतं, तर्कुतंतू, म्हणजे गुणसूत्रं ध्रुवांकडे ओढणारे धागे, मात्र असतात. तशीच शेवटची खाच, म्हणजे एका पेशीच्या दोन होतानाची. प्राणीपेशी बाहेरून आत आवळत जाते. वनस्पतीपेशीत मध्ये पेशीपटल तयार होऊन ते बाहेर वाढत जातं.

तर्कुतंतू किती महत्त्वाचे हे सोसायटीच्या कुंडीतल्या सदाफुलीवरून सांगता येईल. तिच्यापासून मिळणारी विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन ही औषधं हे तंतू जुळूच देत नाहीत. पेशी मध्यावस्थेत अडकते आणि मरते. म्हणून ती कॅन्सरवर चालतात. कीमोत केस का गळतात, तेही यातूनच उमगतं: केसांच्या मुळाशी पेशी सतत विभागत असतात. पावसाळ्यात येऊरच्या रानात फुलणाऱ्या कळलावीत कोल्चिसिन असतं, तेही असंच तंतू रोखतं. तिचे कंद अतिशय विषारी असतात, हात लावू देऊ नका.

आठवडाभराने तिला एकच प्रश्न विचारा, लोकर समोर न ठेवता: कांद्याच्या परागपेशी तयार होताना पश्चावस्था-1 मध्ये पूर्ण पेशीत गुणसूत्रं किती? 16 आलं तर तिला कळलंय. 32 आलं तर तिने बटण घाईने उघडलं. 8 आलं तर तिने एकाच ध्रुवाकडची मोजली. पेशी अजून दुभंगलेली नाही, एवढंच तिला दाखवून द्या.